वर्गासाठी कोणता नकाशा घ्यावा: भिंतीवरचा, स्थलनिर्देशक की मोबाइलमधला?

जून उजाडला की ओळखीतले शिक्षक विचारतात, “सर, शाळा अनुदानातले थोडे पैसे आहेत, नकाशा कोणता घेऊ?” दुकानातला भिंतीवरचा नकाशा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक (छोट्या मुलखाचे चढउतार, ओढे, विहिरी असे बारकावे दाखवणारा) नकाशा किंवा खिशातला मोबाइल, असे तीन पर्याय हाताशी असतात. शीर्षक, दिशा, प्रमाण, खुणांची सूची आणि अक्षांश-रेखांशांची जाळी ही नकाशाची अंगे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. नकाशा विकत घेताना मात्र तीच तपासायची राहून जातात.

आमचेही तसेच झाले. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत महाराष्ट्राचा लॅमिनेशन केलेला चकचकीत नकाशा आला. रंग देखणे, अक्षरे ठसठशीत. सहावीतल्या एका मुलीने त्यावर पट्टी ठेवली आणि विचारले, “सर, हिंगोली ते नांदेड किती?” मी खाली प्रमाण शोधू लागलो, तर ते छापलेलेच नव्हते. मग कपाटातला जुना कापडी नकाशा काढला. त्यावर प्रमाण होते, पण हिंगोली जिल्हाच नव्हता. परभणीतून हिंगोली वेगळा झाला 1 मे 1999 रोजी आणि तो नकाशा त्याआधीचा. मुलांचे चेहरे उतरले.

म्हणून भिंतीवरचा नकाशा घेताना छपाईचे साल बघा. जिल्हे 36 भरतात का, ते मोजा (पालघर 2014 मध्ये झाला). छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे आहेत का, तेही पाहा. या नकाशाचे खरे बळ म्हणजे शेवटच्या बाकावरूनही उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेकडे बालाघाट आणि मधून वाहणारी गोदावरी एका नजरेत दिसते. हे काम दुसरा कोणताही नकाशा इतके चांगले करत नाही.

प्रमाणाबद्दल मी हट्टी आहे. नुसते शब्दप्रमाण (‘1 सेंमीला 10 किमी’) किंवा संख्याप्रमाण (‘1:10,00,000’) असलेला नकाशा घेऊ नका, त्यावर रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरच्या खुणा केलेली आखीव रेषा, हवेच. समजा, नकाशा 1:10,00,000 चा आहे, म्हणजे 1 सेंमीला 10 किमी. त्यावर हिंगोली ते नांदेड साधारण साडेसहा सेंमी येते, म्हणजे सरळ रेषेत 65 किमी. (एसटीचा रस्ता वळणांमुळे त्याहून लांब.) आता मुलांना वाटायला याच नकाशाची निम्म्या आकाराची झेरॉक्स काढा. अंतर सव्वातीन सेंमी होते, पण खाली छापलेला आकडा तोच राहतो, आणि मुले उत्तर काढतात साडेबत्तीस किमी. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आक्रसते, त्यामुळे ते खोटे ठरत नाही.

स्थलनिर्देशक नकाशा 1:50,000 चा असतो, म्हणजे 2 सेंमीला 1 किमी. एका पत्रकात 15 मिनिटे अक्षांश आणि 15 मिनिटे रेखांश, आपल्याकडे साधारण 26 बाय 28 किमीचा मुलूख. त्यात आपले गाव, देऊळ, विहीर, तळे सापडते. तपकिरी समोच्चरेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दाटल्या की तिथे चढ आहे, हे रोज तो चढ सायकलवरून चढणाऱ्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. पाणी निळे आणि कोरड्या ओढ्याचे पात्र काळ्या रेषांत. मराठवाड्यातल्या मुलांसाठी सूचीतली हीच खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते. मुले आपल्या ओढ्यावर बोट ठेवतात आणि रंग कोणता, ते बघतात.

त्याच्या अडचणीही आहेत. नावे रोमन लिपीत असतात, सर्वेक्षण काही वर्षांपूर्वीचे असू शकते आणि गाव नेमके दोन पत्रकांच्या शिवेवर येऊ शकते. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफ मोफत मिळते, खर्च काय तो छपाईचा. छापणाऱ्याला बजावून सांगा की मूळ मापातच छापा, कागदात बसवू नका. घरी आणल्यावर रेषाप्रमाणावर पट्टी ठेवा. 1 किमीला बरोबर 2 सेंमी भरले नाहीत, तर पुन्हा छापून घ्या.

मोबाइल हाताशी असतो, रस्ता दाखवतो, आणि इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर गावाचे उपग्रहचित्रही दिसते. पण दोन बोटांनी नकाशा मोठा केला की प्रमाण बदलते, बोटे फिरली की उत्तर दिशा हलते, आणि सूची समोर नसतेच. जग बघताना ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे 14 पट मोठी आहे. जोडीला ठीक, एकट्या मोबाइलवर नकाशावाचन शिकवू नये.

पाचवी ते सातवीचे वर्ग असतील तर आधी भिंतीवरचा घ्या. आठवीच्या पुढे मात्र, पैसे एकाच नकाशापुरते असतील तर, मी गावाचे स्थलनिर्देशक पत्रकच घेईन.

आणि जो घ्याल तो उत्तरेच्या भिंतीवर लावा, म्हणजे समोर बसलेल्या मुलाचा उजवा हात खरोखर पूर्वेला येतो. आमचा आधी दक्षिणेच्या भिंतीवर होता. मुले नकाशातल्या पूर्वेच्या उमरखेडकडे हात करायची आणि तो हात जायचा पश्चिमेच्या जिंतूरच्या दिशेला.