२०० डॉलरचा शिक्का शून्यावर आल्यानंतर: सप्रेसर-नोंदणीच्या सेवेचे परीक्षण

अमेरिकेत बंदुकीच्या नळीवर बसवायचा, आवाज कमी करणारा सप्रेसर विकत घेणाऱ्याला दोन काउंटरांवर उभे राहावे लागते. वस्तू दुकानदार देतो. ती घरी नेण्याची मुभा मात्र एटीएफ देते, म्हणजे मद्य, तंबाखू, शस्त्रे आणि स्फोटके यांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा. २०२५ संपेपर्यंत या मुभेची किंमत, म्हणजे टॅक्स स्टॅम्प नावाचा कर, २०० डॉलर होती आणि १ जानेवारी २०२६ पासून ती शून्य झाली आहे. सप्रेसर स्वतः कसा आहे हा विषय बाजूला ठेवून येथे मी फॉर्म ४ (हस्तांतरणाचा अर्ज) भरण्यापासून मंजुरी येईपर्यंतच्या सेवेचेच परीक्षण करणार आहे. माझे मत आधीच सांगतो: सेवा पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे, परंतु बंदूकधारकांची मुख्य तक्रार जागच्या जागी आहे, कारण ती मुळात पैशांपुरती नव्हतीच.

हा कर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमधून आला. मशीनगन, आखूड नळीची रायफल (आज १६ इंचांहून आखूड), १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन आणि सायलेन्सर (म्हणजेच सप्रेसर) यांच्या प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलर आकारले गेले. आजच्या किमतीत ही रक्कम साडेचार हजार डॉलरच्या पुढे जाते, तेव्हा हा कर तिजोरी भरण्यासाठी नव्हता, गिऱ्हाईक दारातूनच परत जावे यासाठी होता, हे उघड आहे. महागाईने काम सोपे केले; आकडा ९१ वर्षे तोच राहिला आणि अखेर तो एखाद्या साध्या सप्रेसरच्या किमतीच्या निम्म्यावर आला. मूळ विधेयकात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. ती चर्चेत वगळली गेली, परंतु रायफल कापून कोणी तिचे पिस्तूल करू नये म्हणून घातलेली आखूड नळीची कलमे तशीच राहिली, आणि म्हणून पिस्तुलाला जी केंद्रीय नोंदणी लागत नाही ती आज १५ इंच नळीच्या रायफलीला लागते.

आता प्रत्यक्ष सेवा. डीलर आपल्या खात्यातून ऑनलाइन अर्ज सुरू करतो, उत्पादकाचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक भरतो, आणि खरेदीदार ई-फॉर्म्स या एटीएफच्या ऑनलाइन अर्ज-प्रणालीतील स्वतःच्या खात्याचा पिन टाकून तो अर्ज प्रमाणित करतो. फोटो काउंटरवरच काढता येतो. बोटांचे ठसे घेणारे यंत्र मात्र माणसाची परीक्षा पाहते: एकेक बोट काचेवर नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गडगडवावे लागते, बोट कोरडे असेल तर ठसा पुन:पुन्हा नाकारला जातो, आणि शेजारी ओल्या टिश्यूंची डबी का ठेवली आहे ते तेव्हा कळते. अर्जाची एक प्रत स्थानिक शेरीफ किंवा पोलीसप्रमुख यांना पाठवावी लागते. पूर्वी वैयक्तिक अर्जावर त्यांची सही लागत असे आणि ते ती कारण न देताही नाकारू शकत. २०१६ पासून केवळ कळवणे पुरते. त्याच नियमाने दुसऱ्या बाजूने दोर आवळला, कारण ट्रस्टच्या नावाने खरेदी करणाऱ्यांमधील प्रत्येक जबाबदार व्यक्तीला तेव्हापासून फोटो आणि ठसे द्यावे लागतात.

वेळेच्या बाबतीत या सेवेला चांगले गुण द्यायला हवेत. कागदी अर्जांच्या काळात आठ-दहा महिने, कधी वर्षभरही, पैसे मोजून घेतलेली वस्तू दुकानाच्या तिजोरीत पडून राहत असे. डिसेंबर २०२१ मध्ये नवी ई-फॉर्म्स प्रणाली सुरू झाली आणि २०२४ मध्ये अनेकांना काही दिवसांतच मंजुरी मिळू लागली. मंजुरीची प्रत ईमेलने येते. वस्तू ताब्यात घेताना फॉर्म ४४७३, म्हणजे दुकानातून शस्त्र घेताना भरायचा संघीय अर्ज, भरावा लागतो, परंतु पार्श्वभूमीची तपासणी नोंदणीच्या वेळीच झालेली असल्याने ती दुसऱ्यांदा करावी लागत नाही. एका सरकारी खात्याने दुसऱ्यांदा तेच विचारू नये, ही सोयही काही कमी नाही.

माझ्या खरेदीत खटकले ते दुकानाचे बिल. टेक्सासमधील ज्या दुकानात मी व्यवहार केला त्याचे नाव येथे देत नाही, कारण हा प्रकार त्या एकाच दुकानापुरता असेल असे मला वाटत नाही. टॅक्स स्टॅम्पची ओळ बिलावरून गेली होती आणि तिच्या जागी 'कागदपत्र प्रक्रिया' अशी नवी ओळ आली होती. विचारल्यावर मालकाने शांतपणे सांगितले की ग्राहकाचा कर शून्य झाला असला तरी त्याला स्वतःला अशा शस्त्रांच्या व्यवहारासाठी दर वर्षी ५०० डॉलरचा वेगळा व्यवसाय-कर भरावाच लागतो. त्याचे म्हणणे खरे आहे, कारण तो कर नव्या कायद्याने हटवलेला नाही. तरीही वर्षभराचा खर्च एकेका गिऱ्हाइकाकडून कसा वसूल होतो याचे गणित त्याने मांडून दाखवले नाही, आणि मीही ताणले नाही.

आता मुख्य तक्रारीकडे वळतो. कर शून्य झाला, नोंदणी मात्र राहिली. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याच्या पहिल्या मसुद्यांत सप्रेसर सरकारच्या शस्त्र-नोंदवहीतूनच काढण्याचा विचार होता. परंतु अर्थसंकल्पी विधेयकात केवळ महसुलाच्या बाबी बसतात या नियमावर बोट ठेवून सिनेटच्या नियम-सल्लागारांनी ते कलम अडवले आणि मागे उरला तो शून्याचा आकडा. मशीनगनवरचे २०० डॉलर तसेच आहेत. कायद्यातील एक तरतूद तर दाद देण्याजोगी आहे: ज्या शस्त्रांवर आता शून्य कर आहे, त्यांच्यावरचा हा कर भरला गेला आहे असे मानावे, म्हणजे त्यांना उत्पादकाकडून घेतला जाणारा अबकारी कर लागू होणार नाही. न भरलेले शून्य भरले असे समजणे हे करविषयक कायद्यालाच शोभावे.

याच शून्यावरून आता दावे दाखल झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये सॉन्झिन्स्की खटल्यात हा कायदा वैध ठरवला तो कर बसवण्याच्या अधिकाराच्या आधारावर. ज्या कराच्या वसुलीसाठी नोंदवही उघडली तो करच राहिला नाही, तर वही कशाच्या बळावर चालवायची, असा शस्त्रधारकांच्या संघटनांचा प्रश्न आहे. मला हा युक्तिवाद वकिली चातुर्यापेक्षा वजनदार वाटतो, मात्र काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा वेगळा अधिकार आहे आणि सरकारी बाजू त्याचा आधार घेऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

वहीची एवढी धास्ती का, याचे उत्तर पिस्तुलाच्या ब्रेसच्या प्रकरणात सापडते. हाताला आधार देणारी ही पट्टी अनेक वर्षे बिनधोक विकली जात होती. जानेवारी २०२३ मध्ये एटीएफने नियम काढला की अशी पट्टी लावलेली बहुतेक पिस्तुले म्हणजे आखूड नळीच्या रायफली होत; ३१ मे पर्यंत नोंदणी केली तर २०० डॉलर माफ, नाही तर पट्टी काढा, लांब नळी बसवा किंवा शस्त्र जमा करा. अडीच लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो नियमच रद्द केला. ज्यांनी निमूटपणे कायदा पाळला त्यांची नावे, फोटो आणि ठसे सरकारकडे जाऊन बसले. ज्यांनी वाट पाहिली त्यांचे काहीच अडले नाही. या सेवेवरचा विश्वास जेवढा या एका प्रकरणाने घटवला, तेवढा आठ-दहा महिन्यांच्या विलंबानेही घटला नसेल.

राज्य सरकारच्या भरवशावर राहणाऱ्यांनी कॅन्ससकडे पाहावे. तेथे २०१३ मध्ये कायदा झाला की राज्यातच बनलेल्या आणि राज्यातच राहिलेल्या शस्त्रांना केंद्राचे नियम लागू नाहीत. त्यावर विसंबून नोंदणीशिवाय सायलेन्सर विकणारा एक आणि विकत घेणारा एक असे दोघे संघीय न्यायालयात दोषी ठरले, अपिलात शिक्षा कायम राहिली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. टेक्साससह आणखी काही राज्यांनी असे कायदे केले आहेत, परंतु नोंदणीविना सप्रेसर बाळगण्याची कमाल शिक्षा १० वर्षे आहे आणि ती भोगायला विधिमंडळाचा कोणी सदस्य सोबत येत नाही.

करांच्या बाबतीत बंदूकधारक सरसकट कुरकुर करतात, असा समज मात्र चुकीचा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये पिस्तुलांवर १० टक्के, आणि रायफली, शॉटगन व काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर उत्पादक भरतो आणि तो किमतीत मिसळून ग्राहकापर्यंत येतो. हा पैसा वन्यजीवांसाठी आणि सार्वजनिक नेमबाजी रेंजसाठी राज्यांना मिळतो, आणि शिकारी मंडळी तो अभिमानाने सांगतात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२४ पासून वेगळा ११ टक्के आणि कोलोरॅडोने १ एप्रिल २०२५ पासून साडेसहा टक्के कर लावला तेव्हा मात्र तीच मंडळी खवळली, कारण इतरांच्या गुन्ह्यांचा खर्च आपल्या माथी मारला जातो अशी त्यांची भावना आहे. या भावनेशी मी पूर्ण सहमत नाही, परंतु केवळ टक्केवारी पाहणाऱ्याला हा फरक समजणार नाही.

तर ही सेवा घ्यावी का? श्रवणाच्या दृष्टीने पाहता होय. सप्रेसर साधारण २० ते ३५ डेसिबल आवाज कमी करतो, आणि चित्रपटात दिसतो तसा गोळीचा आवाज नाहीसा होत नसला तरी कानांवरचा मारा पुष्कळ उतरतो. मंजुरीच्या प्रतीवरील अनुक्रमांक धातूवर कोरलेल्या अनुक्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा आणि तिची एक प्रत बंदुकीच्या पेटीत ठेवावी. आखूड नळीची रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर एटीएफची आगाऊ परवानगी लागते. सप्रेसरला ती लागत नाही, परंतु जेथे जायचे त्या राज्यात तो कायदेशीर आहे का हे आधी पाहणे भाग आहे.

एच-१बी किंवा एल-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या वाचकांना ही सेवा बहुतेक बंदच आहे असे समजावे. त्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे, रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही त्यात येऊ शकते, आणि वैध शिकार-परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. फॉर्म ४४७३ वर हा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो आणि तेथे जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणून शंका असेल तर दुकानदाराला विचारू नये, वकिलाला विचारावे.