मेमटेस्ट८६+ : रॅम बिघडलीय एवढं सांगतं, कुठली ते आपण शोधायचं

पीसी मध्येच निळा स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतो, दर वेळी एररचं नाव वेगळं, मोठी झिप फाइल उघडताना 'करप्ट' म्हणून अडते. दुकानात नेलं की "फॉरमॅट मारून देतो" हे उत्तर ठरलेलं. खराब रॅमवर विंडोज नव्याने टाकलं तर त्याच्याच फायली बिघडून बसू शकतात. फॉरमॅटआधी रॅम तपासा. त्यासाठी मेमटेस्ट८६+ इतकं भरवशाचं फुकट साधन दुसरं नाही.

आधी नावाचा घोळ. नुसतं मेमटेस्ट८६ हे पासमार्क कंपनीचं; त्याची फुकट आवृत्ती ४ फेऱ्यांवर (एक फेरी म्हणजे सगळ्या रॅमची एकदा पूर्ण तपासणी) थांबते. शेवटी अधिकचं चिन्ह असलेलं ते ओपन सोर्स, फेऱ्यांना मर्यादा नाही. २०२२ च्या ६.०० पासून ते यूईएफआयवर (नव्या पीसीतली, जुन्या बायोसच्या जागी आलेली सुरुवातीची यंत्रणा) चालतं, त्यामुळे कुणाच्या पेन ड्राइव्हवरची जुनी ५.०१ वापरत बसू नका.

यूएसबी इन्स्टॉलरने पेन ड्राइव्ह तयार होतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जातं. पीसी त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. होत नसेल तर बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरवरून सुरू होऊ न देणारा पहारा, बंद करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की त्याआधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर रॅम राहिली बाजूला, स्वतःच्याच डिस्कबाहेर अडकाल.

चाचणी आपोआप सुरू होते. १६ जीबीच्या एका फेरीला तास-दीड तास धरा. जुन्या प्रोसेसरवर जास्तच. पहिली फेरी चुकीशिवाय झाली की पडद्यावर मोठ्ठं 'पास' येतं, आणि इथेच माझी तक्रार आहे. त्या अक्षरांना भुलून लोक पेन ड्राइव्ह काढतात. काही चुका रॅम तापल्यावरच उगवतात. कॅबिनेट बंद ठेवून रात्रभर, निदान ४ फेऱ्या होऊ द्या. उलट एक जरी लाल ओळ आली तरी निकाल नापास; "एवढीशी तर चूक" असं रॅममध्ये नसतं.

चूक मेमरीत कुठल्या पत्त्यावर झाली ते दिसतं, पण त्यावरून स्टिक (रॅमची एकेक कांडी) ओळखायला जाऊ नका. ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन स्टिक जोडीने चालतात तेव्हा, पत्ते दोन्ही स्टिकवर आलटून पालटून वाटलेले असतात. इथून पुढचं काम हाताचं.

पहिल्यांदा बायोसमधलं एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून पुन्हा चालवा. डीडीआर४ ची ३२०० ची स्टिक मग २१३३ किंवा तिच्या मूळ वेगावर येते. चुका थांबल्या तर स्टिक मेलेली असेलच असं नाही. तो वेग स्टिकला, बोर्डला किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला झेपत नाहीये. तरीही चुका आल्या तर पीसी बंद, प्लगही काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि एकच स्टिक ठेवा: चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा. स्टिक क्रमाने त्याच स्लॉटमध्ये तपासा. चूक स्टिकसोबत फिरली तर स्टिक खराब. कुठलीही स्टिक लावली तरी एकाच स्लॉटमध्ये चूक येत असेल तर स्लॉट किंवा प्रोसेसरचं सॉकेट बघा. एकेकट्या ठीक आणि जोडीने नापास, हा प्रकार वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र लावल्यावर हमखास दिसतो.

स्टिकला नापास ठरवण्याआधी तिच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवा. खोडरबरही चालतो, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. दोन्ही बाजूंनी 'टक्' आवाज यायला हवा. काही बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो.

विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक? लवकर उरकतं, त्याने चूक सापडली तर बरंच, पण त्याच्या 'नो एरर्स'वर विसंबू नका. डीडीआर५ मध्ये चिप आतल्या आत एकेका बिटची चूक दुरुस्त करते, म्हणून तिथे रॅम निर्दोष ठरवायला आणखी जास्त फेऱ्या द्या.

वॉरंटीसाठी लाल ओळींचा फोटो काढून ठेवा, त्यात स्टिकचा वेग दिसला पाहिजे आणि एक्सएमपी बंद असतानाचाच फोटो द्या. जोडीने घेतलेली रॅम असेल तर दोन्ही स्टिक परत मागतात, तेवढे दिवस पीसी बंद ठेवावा लागेल हे धरून चाला.