तिघांनी मिळून वाजवलेला पियानो : बिल एव्हान्स यांचा ‘पोर्ट्रेट इन जॅझ’

बिल एव्हान्स या अमेरिकी पियानोवादकाने २८ डिसेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या या आल्बममध्ये नऊ रचना आहेत. त्यांपैकी सात जॅझवादकांच्या नित्य परिचयाच्या जुन्या गाण्यांवर आधारलेल्या आहेत. तरीही एकदा ऐकल्यावर मनात राहतात ती गाणी नव्हेत, तर पियानो, बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य) आणि ड्रम्स यांचे परस्परांशी चाललेले बोलणे.

‘ऑटम लीव्ह्ज’ या जोसेफ कोस्मा यांच्या मूळ फ्रेंच गीतात ते सर्वांत स्पष्ट ऐकू येते. मुखडा वाजवून झाल्यावर बासवादक स्कॉट लाफारो लय धरून चालत राहण्याऐवजी स्वतःच स्वरवाक्य मांडतो, एव्हान्स त्याला त्रोटक उत्तर देतो, ड्रमवादक पॉल मोशन ठेका न सांगता केवळ सुचवत राहतो, आणि बराच वेळ ही देवाणघेवाण झाल्यावर बास अचानक सलग चालू लागतो, तेव्हा आतापर्यंत रोखून धरलेली सगळी गती एकदम मोकळी होते. तो क्षण मी पुन्हापुन्हा मागे नेऊन ऐकला आहे.

‘व्हेन आय फॉल इन लव्ह’ संथ व सुंदर आहे, पण तेथे बास आणि ड्रम्स साथीपुरतेच राहतात. ‘समडे माय प्रिन्स विल कम’ हे तीन मात्रांचे चित्रपटगीत मात्र एव्हान्सने बालिशपणाचा लवलेशही न ठेवता फुलवले आहे.

स्वतंत्र रचना दोनच आहेत, ही माझी खरी तक्रार. ‘पेरीज स्कोप’ प्रसन्न आणि चटपटीत आहे. ‘ब्लू इन ग्रीन’ त्याच वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या आल्बममध्ये केवळ डेव्हिसच्या नावावर आली होती; एव्हान्सने ती आपलीच असल्याचे पुढे सांगितले, आणि येथे श्रेय दोघांना दिलेले आहे. तिचे आवर्तन अवघ्या दहा बारांचे (ठरावीक मात्रांच्या खंडांचे) असून शेवट पुन्हा सुरुवातीतच मिसळतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला सम नेमकी कोठे आली हे कळत नाही. येथे मध्येच लय दुप्पट होते, तरी त्या स्वरसंगतींवरची उदासी ढळत नाही.

सीडीवर ‘ऑटम लीव्ह्ज’चे एक मोनो (एकाच ध्वनिमार्गाचे) ध्वनिमुद्रणही जोडलेले आहे. मूळ रूपाशी ते लागोपाठ ऐकावे, म्हणजे त्या संवादातले किती थोडे आधी ठरलेले होते ते कळते.