फेसबुकचं मेमोरियल खातं: गावातली गेलेली माणसं आठवायला कितपत कामाचं?

फेसबुकवर गेलेल्या माणसाचं खातं मेमोरियल करून ठेवता येतं हे लहान गावांतल्या बऱ्याच लोकांना माहीतच नाहीये, आणि ज्यांना माहितीये त्यांनाही घरात एवढं दुःख असताना ते सेटिंग शोधायचं कसं सुचणार, त्यामुळे होतं काय तर खातं तसंच पडून राहतं आणि पुढच्या वर्षी वाढदिवस आला की बाहेरगावी राहणारी चार पोरं, ज्यांच्यापर्यंत बातमी पोचलेलीच नसते, ती तिथे 'हॅपी बर्थडे काका, तब्येतीला जपा' असं लिहून जातात. घरातल्या बाईने ते वाचलं की तिचा तो अख्खा दिवस कसा जातो ते वेगळं सांगायला नको. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ही सोय वापरावी असं मला मनापासून वाटतं. पण खेड्यातल्या माणसांच्या आठवणी जपायला ती पुरते का, याचं उत्तर जरा लांबतं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी सोय काय आहे ते. कंपनीने २००९ मध्ये हे जाहीर केलं. तेव्हा त्यांच्या सुरक्षेचं काम बघणारे मॅक्स केली यांनी त्याबद्दल लिहिलं होतं, त्यांचा जवळचा मित्र, जो तिथेच कामाला होता, तो सायकलच्या अपघातात गेला आणि मग त्याच्या प्रोफाइलचं करायचं काय हा प्रश्न ऑफिसातच उभा राहिला. खातं मेमोरियल झालं की नावाजवळ 'रिमेंबरिंग' असं दिसतं, त्यानंतर कुणालाच, अगदी पासवर्ड माहीत असेल तरी, लॉगिन करता येत नाही, वाढदिवसाच्या सूचना बंद होतात, आणि 'तुम्ही यांना ओळखत असाल' मध्ये ते नाव येणं थांबतं. जुन्या पोस्ट आणि फोटो मात्र आधी ज्यांना दिसत होते त्यांना तसेच दिसत राहतात. हे २०१४ पासूनचं आहे, त्याआधी खातं मेमोरियल झालं की फक्त फ्रेंड लिस्टमधल्यांनाच दिसायचं. गावाच्या दृष्टीने हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण शेजारी चाळीस वर्षं शेजारी असतो पण फ्रेंड लिस्टमध्ये असेलच असं काही नाही.

मग २०१५ मध्ये लेगसी कॉन्टॅक्ट आला, म्हणजे आपण जिवंतपणीच एक माणूस नेमून ठेवायचा जो आपल्यामागे खात्याकडे बघेल. आणि २०१९ मध्ये ट्रिब्यूट्स नावाचा वेगळा भाग आला, ज्यात लोक गेल्यानंतर लिहितात ते वेगळं राहतं आणि त्या माणसाने स्वतः लिहिलेलं वेगळं राहतं. ही मला या सगळ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. कारण नाहीतर श्रद्धांजलीच्या शंभर पोस्टखाली त्या माणसाचं स्वतःचं बोलणं गाडलं जातं, त्याने टाकलेला पहिल्या पावसाचा फोटो, नातीचा निकाल, हरवलेल्या वासराबद्दलची पोस्ट, आणि माणूस खरा तिथेच असतो.

चांगलं काय ते आधी सांगतो. गावातला माणूस गेला की त्याच्याबद्दलची माहिती एका घरात नसते, ती पसरलेली असते. बायकोला त्याचं घरातलं वागणं माहीत, पण तो कामावर कसा होता ते सोबतच्या गड्याला माहीत, तरुणपणी कुस्तीत कसा होता ते फक्त त्याच्या वयाच्या दोन-तीन जणांना माहीत, आणि त्यातलेही एक-दोनच उरलेले. ट्रिब्यूट्समध्ये हे सगळे एका जागी लिहू शकतात आणि घरच्यांना कधी कधी पहिल्यांदाच कळतं की अरे, पुराच्या रात्री यांनी तिकडच्या वस्तीवरच्या लोकांना खांद्यावरून आणलं होतं, घरी येऊन एक शब्द बोलले नव्हते. शहरात गेलेली, परदेशात गेलेली माणसं, ज्यांना अंत्यविधीला पोचता आलं नाही, त्यांना इथे निदान दोन ओळी लिहायला जागा मिळते. आणि लेगसी कॉन्टॅक्टला नवीन फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारता येतात, त्यामुळे ज्या वर्गमित्राने कालच फेसबुक उघडलं तोही आत येऊ शकतो. २०१९ मध्ये कंपनीने सांगितलं होतं की महिन्याला तीन कोटींहून जास्त लोक अशी प्रोफाइल बघतात, म्हणजे लोकांना याची किती गरज आहे बघा.

लेगसी कॉन्टॅक्ट एकच नेमता येतो आणि नेमणारा माणूस अठरा वर्षांच्या वरचा लागतो. लेगसी कॉन्टॅक्टला प्रोफाइल फोटो आणि कव्हर बदलता येतो, वर एक पोस्ट पिन करून ठेवता येते (दिवस कधी, कुठे, हे सांगायला उपयोगी), ट्रिब्यूट्स कोण लिहू शकेल ते ठरवता येतं आणि कुणी काही वेडंवाकडं लिहिलं तर काढता येतं. त्याला मेसेज वाचता येत नाहीत, फ्रेंड काढता येत नाहीत, आणि त्या माणसाच्या नावाने लॉगिन तर नाहीच. ही बंधनं मला योग्य वाटतात. मेसेजवरून जर्मनीत मोठी केस झाली होती, गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांना तिच्या खात्यात जायचं होतं आणि तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण ती वेगळीच वेदना होती, सरसकट सगळ्यांचे मेसेज उघडे करावेत असं माझं तरी मत नाही.

इथे एक सल्ला. लोक सहसा मोठ्या मुलाला नेमतात, रीतच तशी. पण मुलगा वीस वर्षं बाहेर असेल तर गावातली कोण कोण माणसं रिक्वेस्ट पाठवताहेत हे त्याला ओळखू येणार नाही, एकाच नावाचे तिघे असतात, बायकांच्या प्रोफाइलला फुलाचा फोटो असतो. त्यापेक्षा गावात राहणारी पुतणी, भाची, सून, जिला माणसं ओळखू येतात, ती बरी. आणि हे आपण असतानाच करून ठेवावं लागतं, माणूस गेल्यावर दुसऱ्या कुणाला लेगसी कॉन्टॅक्ट होता येत नाही. खातं मेमोरियल होतं, पण मग ते सांभाळायला कुणी नसतं.

आता उणिवा. मेमोरियल करायची विनंती जवळच्या माणसाने करायची असते आणि मृत्यूचा काही पुरावा द्यावा लागतो, दाखला किंवा शोकसंदेश असं काही. शहरात वर्तमानपत्रात छापून आलेलं असतं, खेड्यात बातमी तोंडी जाते, त्यामुळे दाखला हातात येईपर्यंत थांबावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि फार कमी लोकांना माहितीये. गावाचं पेज एकट्या माणसाच्या हातात असेल, तोच एकमेव अ‍ॅडमिन असेल, आणि तो गेला आणि त्याचं खातं मेमोरियल झालं, तर ते पेजच काढून टाकलं जाऊ शकतं. म्हणजे ज्याने दहा वर्षं गावातल्या प्रत्येकाच्या आठवणी टाकल्या, त्याच्याबरोबर सगळ्यांच्याच आठवणी जायच्या. ज्यांच्या गावाचं असं पेज आहे त्यांनी आजच दुसरा अ‍ॅडमिन करा, तरुण करा, आणि शक्यतो वेगळ्या घरातला करा.

पण सगळ्यात मोठी उणीव अशी की ज्याचं खातंच नाही त्याला इथे जागाच नाही. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये हिशोब मांडला होता की साधारण पन्नास वर्षांत फेसबुकवर जिवंत माणसांपेक्षा गेलेल्यांची खाती जास्त होऊ शकतील. होतील. पण आत्ता गावागावातून जी पिढी चाललीये, ऐंशी-पंच्याऐंशीची, ती त्यात नाहीये. त्यातही बायका तर नाहीतच. घरात फोन एक, तो मुलाचा किंवा नातवाचा. ज्या सुईणीने गावातली निम्मी माणसं जन्माला आणली तिचं खातं नव्हतं. ज्याला मोटरचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते कळायचं त्याचं खातं नव्हतं. शेतात मजुरी करणाऱ्यांचं, एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं, बाहेरून येऊन गावातच राहिलेल्या आणि मागे कुणी नसलेल्या माणसाचं खातं नव्हतं, आणि यांच्याबद्दल पेपरात पण कुणी छापत नाही. ज्याच्यामागे नातेवाईक, पैसा आणि फोन त्याची आठवण टिकते, बाकीचे एका पिढीत पुसले जातात. हे मला सहन होत नाही खरंच.

म्हणून या सोयीवरच थांबू नका, सोबत गावाचा एक ग्रुप हवाच, फक्त गेलेल्या माणसांसाठी, ज्यात भाजीपाल्याच्या जाहिराती आणि गुड मॉर्निंग नकोत. आणि तिथे काय लिहायचं याकडे लक्ष द्या. बहुतेक ठिकाणी तेच तीन शब्द असतात, मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी, नाव बदललं की कुणालाही चालेल असं. त्याऐवजी विचारा की हा माणूस गेल्यामुळे गावात कोणतं काम अडलं. रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या कोण लक्षात ठेवायचं? शेवटच्या बसला शाळेच्या पोरी यायच्या राहिल्यात म्हणून ड्रायव्हरला थांबवून ठेवणारं कोण होतं? त्यांची शिवी कोणती होती, चिडले की कोणत्या शब्दाने सुरुवात करायचे, चालताना कोणता पाय ओढायचे, कुणाशी त्यांचं वीस वर्षं पटलं नाही आणि मग कशावरून परत बोलणं सुरू झालं. असं लिहिलेलं वाचलं की त्यांची पणती पण त्यांना ओळखेल. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांच्याजवळ बसून फोनवर बोलणं रेकॉर्ड करा, त्यांनी सांगितलं तसंच उतरवा, त्यांची भाषा शुद्ध करू नका. जुन्या फोटोमागे नावं लिहून घ्या, मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांचीसुद्धा, कारण ती नावं सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत.

थोडं सांभाळायचं पण आहे. जवळच्या नातेवाइकांना कळायच्या आत पोस्ट टाकू नका, लेकीला आईची बातमी ग्रुपवरून कळू नये. मृत्यूचं कारण घरच्यांनी सांगितल्याशिवाय लिहू नका, विशेषतः कुणी जीव दिला असेल तर, तिथे त्याच्या जगण्याबद्दल लिहा, कसं गेला ते नको. कर्ज, जमिनीचे वाद, आजार हे त्या घराचं आहे. आणि अंत्यविधीचे फोटो टाकायची जी सवय लागलीये ती मला अजिबात पटत नाही, माणूस उभा असलेला, काम करत असलेला फोटो शोधा, एखादा तरी सापडतो.

टिकण्याबद्दल बोलायलाच हवं. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गुगल प्लस २०१९ मध्ये, तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं की हे जाईल म्हणून. फेसबुक उद्या बंद होईल असं मी म्हणत नाहीये, पण गावाची आठवण एकट्या कंपनीच्या भरवशावर ठेवण्यासारखी गोष्ट नाहीये. लेगसी कॉन्टॅक्टला खात्यावरचे फोटो-पोस्ट उतरवून घेता येतात, पण ती परवानगी त्या माणसाने आधीच चालू करून ठेवलेली असली तरच, म्हणून आत्ता तुमचं सेटिंग बघताना ते पण बघा. वर्षातून एकदा ग्रुपवरचं सगळं उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, आणि चांगल्या लिहिलेल्या आठवणी छापून शाळेत किंवा वाचनालयात एक प्रत द्या. ज्या घरात फोन नाही त्या घरालाही ती वाचता येईल, ऐकता येईल.

व्हॉट्सअ‍ॅपचं पण तसंच. साधारण १२० दिवस वापरलं नाही की ते खातं काढून टाकतात, आणि सिम बंद झालं की काही काळाने तो नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. त्यामुळे फोन लगेच फॉर्मॅट करून पोराला खेळायला देऊ नका. त्यातले व्हॉइस मेसेज आधी काढून घ्या, तुमच्या स्वतःच्या फोनवर त्यांनी पाठवलेले असतील ते पण. 'पोचलीस का गं' एवढंच असेल तरी ठेवा, घरात दुसरीकडे कुठेही त्यांचा आवाज नसतो बऱ्याचदा.

माझ्याकडून या सोयीला पाचपैकी साडेतीन. ट्रिब्यूट्स आणि वाढदिवसाच्या सूचना बंद होणं यासाठी पूर्ण मार्क, एकच लेगसी कॉन्टॅक्ट आणि तोही आधीच नेमलेला हवा यासाठी अर्धा कमी, आणि खातं नसलेल्या माणसासाठी काहीच नाही यासाठी एक पूर्ण कमी. सेटिंग आता अकाउंट्स सेंटरमध्ये वैयक्तिक माहितीच्या आत, खात्याची मालकी आणि नियंत्रण याखाली मिळतं, तिथे मेमोरियलायझेशन असं दिसेल. घरातल्या मोठ्यांना नवीन फोन घेऊन देताना बाकी सगळं करून देता ना, तेव्हा शेजारी बसून त्यांनाच विचारा की तुमच्यामागे हे कुणी बघावं, आणि ते सांगतील तेच नाव घाला.