बिडाचं आप्पेपात्र, सहा महिने वापरून

माझा मुलगा साडेचार वर्षांचा, भाजी दिसली की तोंड घट्ट बंद, पोळी नुसती तुपासाखरेशी. म्हणून १२ खळग्यांचं बिडाचं आप्पेपात्र घेतलं आणि खरंच खूप फरक पडला. १ वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, लागेल तसं पाणी, २० मिनिटं भिजवायचं, मग त्यात किसलेला दुधी नाहीतर गाजर, मीठ, जिरं, शेवटी चिमूटभर सोडा, की झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस. दुधी किसून पिळून घ्या हं, नाहीतर आतून गिच्च राहतात. उलटायला तो स्वतः स्टुलावर उभा राहतो, (मी मागे धरून असते), आणि स्वतः उलटलेले सगळे खातो!

पहिला आठवडा मात्र सगळं चिकटत होतं, तेल लावून तीन-चार वेळा तापवल्यावर सुटायला लागलं. जड आहे, आणि धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवला नाही तर गंज धरतो. नॉनस्टिक हलकं पडतं, पण असा कुरकुरीतपणा त्याला नाही, माझं मत बिडालाच. उरलेल्या इडलीच्या पिठाचेही मस्त होतात, डब्यात थंड झाले तरी खातो.