पडवीत कोण टिकतं: फॅलेनॉप्सिस की डेंड्रोबियम?

ऑर्किडांच्या या गोष्टीत वँडा ही जात बाजूला ठेवतो. मुळं उघडी टांगून उन्हाळ्यात दिवसातून दोनदा भिजवायची ज्यांना हौस आहे, त्यांनी ती खुशाल घ्यावी. बाकीच्यांची निवड बहुधा या दोघांतच अडते. वेंगुर्ल्यात मी दोन्ही पाळली आहेत, तेव्हा अनुभव तेवढ्यापुरताच धरा.

रूपात फॅलेनॉप्सिसचा हात कोणी धरणार नाही. दांडा एकदा उमलला की दोन-अडीच महिने फुलं तशीच. पौष-माघात रात्री गारठल्या की दांडा सुटतो, शिमग्याच्या मागेपुढे घर सजतं. डेंड्रोबियमची फुलं त्यापुढे लहान, टिकतातही कमी. शिवाय पानं झडलेल्या कांड्या बघून शेजारीण विचारणारच, "भाऊनु, ह्यां झाड मेलां काय?" (त्या कांड्या कापू नका. झाडाची बेगमी त्यातच असते आणि पुढचा तुरा कधीकधी तिथूनच फुटतो.)

माझं घोडं अडलं ते पावसात. फॅलेनॉप्सिसला वाढीचा कोंब एकच, तोही पानांच्या मधोमध, वाटीच्या तळाशी असावा तसा. पागोळ्यांचे शिंतोडे उडतात, वाटीत थेंबभर पाणी साचतं, आणि आषाढात ते वाळणार कधी? माडाचा कोंब कुजतो तसंच होतं. संध्याकाळी धडधाकट दिसलेलं पान सकाळी बोट लावताच हातात येतं, वर तो कुजका वास. कोंब गेला की झाड गेल्यातच जमा. बुडातून पिल्लू फुटलं तर नशीब. एक अख्खा पावसाळा मी रोज निजण्याआधी कापसाची वात करून एकेका झाडातलं पाणी टिपत बसलो. कुंडी तिरकी टांगली की पाणी निथळतं, हे खरं. तरीही मुंबईला आठ दिवस लग्नाला गेलो आणि परत येऊन बघतो तर तीन झाडं बसलेली. त्याच तारेवरच्या डेंड्रोबियमचा एक धुमारा कुजला होता, पण बुडाशी दुसरा वर येत होता.

नारळाची सोडणं मात्र दोघांनाही नकोत. फुकट मिळतात, पण पावसात स्पंज होतात. कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे बरे. गोगलगाई दोघांच्याही मुळांची कोवळी टोकं खातात, तिथे डावंउजवं नाही.

डेंड्रोबियमची अट एकच: उजेड. माझं एक झाड घरात दोन वर्षं नुसतीच पानं देत राहिलं. आंब्याच्या कडेला, विरळ सावलीत नेलं तेव्हा फुललं. म्हणून फ्लॅटमध्ये राहत असाल आणि ऊन येणारी गॅलरी नसेल, तर फॅलेनॉप्सिसच घ्या. घरात पागोळ्याही नाहीत, माझी तक्रार तुम्हाला कदाचित लागूच होणार नाही.

माझ्याकडे आता फॅलेनॉप्सिस एकच उरलंय, आत टीव्हीशेजारी, पाहुण्यांसाठी. डेंड्रोबियमच्या कुंड्या चौदा झाल्यात. त्यातल्या विकत घेतलेल्या पाच.