माइनक्राफ्ट बेडरॉक : यंत्रे वेगवेगळी, जग एकच, पण ते ठेवायचे कोणाकडे?

एकाकडे अँड्रॉइड फोन, दुसऱ्याकडे विंडोजचा लॅपटॉप, तिसऱ्याकडे एक्सबॉक्स आणि चौथ्याकडे निन्टेंडो स्विच, अशा मित्रांना एकत्र खेळायचे असेल, तर ठोकळ्यांनी जग उभारण्याच्या माइनक्राफ्ट या खेळाची बेडरॉक आवृत्ती हाच पर्याय मी आजही प्रथम सुचवेन. मात्र खेळाची किंमत भरली म्हणजे सगळा खर्च झाला, असे समजून कोणी पुढे जाऊ नये.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘बेटर टुगेदर’ अपडेटने फोन, विंडोज आणि एक्सबॉक्स यांच्यातील भिंत पाडली, २०१८ मध्ये स्विच आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन ४ त्यात सामील झाले. माइनक्राफ्टचीच जुनी जावा आवृत्ती केवळ संगणकावर चालते आणि बेडरॉकशी तिचा थेट मेळ बसत नाही. २०२२ पासून संगणकासाठी दोन्ही आवृत्त्या एकत्र विकल्या जातात, त्यामुळे संगणकवाल्याने विकत घेताना गोंधळण्याचे कारण उरलेले नाही. त्याने फक्त मित्रांबरोबर खेळताना बेडरॉक उघडायचे आहे. जावामध्ये मुरलेल्या खेळाडूला रेडस्टोन या खेळातल्या विजेसारख्या खनिजावर चालणारी काही यंत्रे इथे निराळी वागताना दिसतील आणि त्याची थोडी चिडचिडही होईल, पण मित्रांसाठी एवढी तडजोड मला रास्त वाटते.

यंत्रे वेगळी असण्याचा सर्वांत मोठा प्रश्न समतोलाचा असतो. नेमबाजीच्या खेळात फोनच्या काचेवर बोटे फिरवणारा माऊसवाल्यापुढे टिकत नाही, परंतु इथे बहुतेक वेळ खाणकाम, शेती आणि बांधकाम यांत जात असल्यामुळे ही तफावत फारशी जाचत नाही. फोनवाला शेती सांभाळतो, कंट्रोलरवाला गुहेत उतरतो आणि माऊसवाला छपराची नक्षी पुरी करतो, अशी कामाची वाटणी आमच्या गटात न ठरवताच होऊन गेली. गप्पांची सोय मात्र तोकडी आहे: खेळात स्वतःचा आवाजी संवाद नाही आणि कंट्रोलरने एकेक अक्षर निवडून संदेश लिहिणे म्हणजे क्रीपर हा जवळ येऊन फुटणारा राक्षस पाठीशी येऊन उभा राहीपर्यंत ‘पळ’ हा शब्दही पुरा न होणे. त्यामुळे बोलण्यासाठी वेगळे ॲप हवेच.

खरी मेख आहे ती जग कोणाच्या यंत्रावर आहे यात. साध्या पद्धतीत एक जण यजमान होतो, जग त्याच्या यंत्रावर साठवले जाते आणि त्याने खेळ बंद केला की बाकीचेही बाहेर पडतात. एकाच शहरातल्या मित्रांना हे चालून जाते. पण गटातला एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत असेल, तर हिवाळ्यात दोघांच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर पडते आणि पुणेकर यजमान झोपला की अमेरिकेतल्या मित्राला आपल्याच हाताने बांधलेल्या घरात पाऊल टाकता येत नाही. शिवाय फोन हरवला, तर जगही गेले.

यावरचा अधिकृत उपाय म्हणजे रेल्म्स प्लस. दरमहा वर्गणी भरली की जग मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते, मालक नसतानाही उघडे असते, त्याच्या राखीव प्रती आपोआप निघतात आणि मालकाबरोबर एका वेळी आणखी १० जण खेळू शकतात. वर्गणी फक्त मालकाने भरायची असल्यामुळे गटाने ती वाटून घेतली तर भार जाणवत नाही. विखुरलेल्या मित्रांनी हा खर्च ऐच्छिक न मानता खेळाच्या किमतीतच धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कन्सोलवाल्यांचा खर्च याहून वेगळा आहे. प्लेस्टेशन, स्विच आणि एक्सबॉक्स यांवर इंटरनेटवरून इतरांबरोबर खेळण्यासाठी त्या त्या कंपनीचे ऑनलाइन सदस्यत्व लागते. फोन आणि संगणकाला ते लागत नाही. खेळही साधारणपणे प्रत्येक यंत्रासाठी नव्याने विकत घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्ट खाते सर्वांकडे हवे आणि लहान मुलाचे खाते असेल, तर पालकाने कुटुंबाच्या सेटिंगमध्ये जाऊन बहुखेळाडू खेळाला परवानगी द्यावी लागते. हे काम शनिवारी रात्री सगळे जमल्यावर करायला घेऊ नये, आधीच उरकावे. सर्वांच्या यंत्रांवर खेळाची आवृत्तीही एकच असावी लागते, म्हणून अपडेट आदल्या दिवशीच करून ठेवलेले बरे.

पहिल्यांदाच खेळणाऱ्या गटाने लगेच वर्गणी भरू नये. ज्याचे यंत्र सर्वांत दमदार आहे आणि ज्याचे इंटरनेट स्थिर आहे, त्याला यजमान करून काही आठवडे खेळावे. यजमान नसलेल्या वेळी कोणाला जग उघडावेसे वाटू लागले, की तेच जग रेल्म्सवर चढवता येते.